जाळी काढायची की खिंड चालायची

आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. आईबाबा दोघंही चळवळीतले. पत्रकं चपलांच्या फळीवर असत, माझ्या दप्तरात असत, कधी भाजीच्या पिशवीतही निघत. मी अक्षरं जोडायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो, राग मागाहून येतो.

गेल्या डिसेंबरात तयार झालेला मथळा होता, 'गाडीचं फुफ्फुस कापू नका!' पेट्रोलच्या गाडीला खालच्या बाजूने धुराची नळी असते, तिच्यात पुढे एक डबा बसवलेला असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची जाळी असते आणि इंजिनातला विषारी वायू तिच्यातून जाताना बराचसा निवळतो. ही जाळी बुजली की गाडी ओढत नाही. मग काही गॅरेजवाले डबाच काढतात आणि जागी साधी नळी जोडतात. गाडी पळायला लागते, विष मागून चालणाऱ्यांच्या नाकात जातं. घराजवळच्या एका गॅरेजात मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिथल्या तिथे भांडले. दुसऱ्या दिवशी दोनशे पत्रकं छापून घेतली आणि सिटी बसने पिरंगुटला निघाले, कारण त्या रस्त्याला गॅरेजांची रांगच आहे. संध्याकाळी परतायचं होतं. परतले ती शनिवारी, पायाला दोन फोड घेऊन आणि भलतीच खुशीत.

सोमवार : पिरंगुट

पहिल्या तीन गॅरेजांत पत्रक आदराने घेतलं गेलं आणि चहाच्या पेल्याखाली गेलं. चौथं गॅरेज दत्ता मिस्त्रीचं. त्याने पत्रक उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं, "चांगलं लिवलंय," म्हणाला आणि त्याच कागदाने हात पुसले.

"कागद बरा हाय. तेल लगेच वढतोय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात तो मागे वळून ओरडला, "सुनंदाताई, जाळीच चोक झालीय! पुढचा जोड ढिला केला की गाडी मोकळी पळतीय. काढून टाकतो, पाइप लावतो. तासाभराचं काम. तुमच्याकडनं एक रुपाया घेनार न्हाई."

मागे एक जुनी पांढरी व्हॅन उभी होती. शेजारी जुन्या टायरवर बसून चाळिशीच्या एक बाई चहा पीत होत्या. या सुनंदाताई. धरणाच्या कडेच्या एका वाडीतून सहा बायकांना रोज सकाळी पिरंगुटच्या एका कारखान्यात आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, हा त्यांचा धंदा. (वाडीचं नाव लिहीत नाही. बायकांनी बजावलंय, "छापू नगं. न्हाईतर परत शेटलोक प्लॉट बघाया येतील.")

"आणि नवीन जाळी?" मी विचारलं.

"मागवावी लागंल. शुक्रवारी येईल. पैसं हप्त्यानं द्या," दत्ता म्हणाला.

मग मी बोलले. फुफ्फुसं, पुढची पिढी, माळावरची गुरं, कायदा, काही सोडलं नाही. सुनंदाताईंनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"बोलतीस झ्याक," त्या म्हणाल्या. "पर वाडीच्या वाटंला खिंड हाय. भरलेली गाडी तितं दम टाकतीया. कारखान्याचं गेट आठला बंद व्हतं. बायका दोनदा उशिरा आल्या की मुकादम दुसऱ्या बायका लावतो. न्हाईतर ह्याच बायका दुसऱ्याच्या जीपमदी जातील, आन् माझी गाडी दारात गंजंल. शुक्रवारपत्तूर त्यांना खिंडीवर कोन नेनार? तुजं पत्रक?"

मी हातातली पत्रकं सारखी केली. पत्रकांची हीच अडचण असते, त्यांना मागून कुणी प्रश्न विचारत नाही.

"आज संध्याकाळी बायकांस्नीच इचारू," असं म्हणून त्यांनी दत्ताला थांबवलं आणि मला सोबत घेतलं. "चल. खिंड बग एकदा."

पाच वाजता बायका आल्या. त्यांच्यातल्या दोघींची ओळख करून देते. हौसाबाई, साठीच्या, धनगराच्या घरातल्या, कारखान्यात झाडलोट करतात. घरी शेळ्या-मेंढ्या. दुसरी छबू, पंचविशीतली. पूर्वी भंगाराच्या गोदामात माल निवडायला होती, आता त्याच कारखान्यात मसाल्याच्या पॅकिंगला. तिच्या अंगाला धन्याचा वास येतो आणि जिभेला मिरचीचा.

गाडीत मला सगळ्यात मागच्या बाकावर बसवलं. तिथे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो, म्हणून बायकांनी पाळ्या लावून घेतल्यात. आणि जिची पाळी मागे, तिला बदल्यात एक मान मिळतो. त्या दिवशी गाडी कुठे थांबवायची, गाणं कुठलं म्हणायचं, भांडण झालं तर निकाल काय, सगळं तिच्या शब्दावर.

पौड मागे पडलं. कापून झालेल्या भातखाचरांवर ऊन तिरपं झालं होतं. वाडीच्या फाट्याला वळल्यावर खिंड सुरू झाली. अर्ध्यात गाडी घरघरली, खोकली आणि थांबली. न सांगता सगळ्या उतरल्या आणि चढ चालायला लागल्या. रिकामी व्हॅन पहिल्या गिअरमध्ये कण्हत मागून आली.

माथ्यावर धरणाचं पाणी एकदम समोर आलं. एवढं पाणी आणि त्यावर एवढं ऊन, की मी पुण्यापासून किती लांब आहे ते विसरले. आहे पस्तीस-चाळीस किलोमीटर.

तिथे सुनंदाताईंनी प्रश्न मांडला. पाइप लावला तर उद्यापासून सरळ गाडी. नवीन जाळी घ्यायची तर शुक्रवारपर्यंत दोन्ही वेळा खिंड चालायची. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. हौसाबाईंनी हात वर केला.

"आज मागं कोन बसलंय? ही पोर. मग हिचाच शब्द."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणणं कुणीतरी ताबडतोब अमलात आणणार होतं, आणि पाय दुखणार होते ते त्यांचे.

"काढू नका," मी म्हणाले. आवाज पत्रकातल्यापेक्षा बराच लहान निघाला.

"बरं," छबू म्हणाली. "मग तूबी हितंच ऱ्हायचं. शुक्रवारपत्तूर रोज चालायचं आमच्यासंगं. सांगायचं आन् बसमदी बसून जायचं, आसं न्हाई."

मी तिथूनच आईला फोन केला. आई म्हणाली, "राहा. स्वेटर माग कुणाकडे तरी."

मंगळवार : वाडी

सुनंदाताईंच्या घरामागे एक खोली आहे, सुट्टीला येणाऱ्या शहरी लोकांना भाड्याने देण्याची. ती रिकामी होती. सकाळी साडेसहाला बाहेर आले तर पाण्यावरून धुकं थेट अंगणात आलेलं आणि सहाही बायका व्हॅनच्या मागे ओळीने उभ्या. दोन्ही तळवे दारावर टेकवलेले.

"ये की, बगत काय बसलीस? हात लाव!"

गाडी धक्क्यावर सुरू व्हायची. बॅटरी सहा महिन्यांपूर्वी म्हातारी झाली होती. सुनंदाताई रोज नवीन घ्यायची म्हणत आणि बायका रोज धक्का मारत. हळूहळू त्याचीच रीत पडली. हौसाबाई 'हेऽऽय' म्हणून आवाज देतात, तिसऱ्या आवाजाला सगळ्या एकदम रेटा देतात, गाडी दहा-वीस पावलं घरंगळते, हिसका देते आणि मागून पेट्रोलच्या उग्र वासाचा एक भपकारा सोडून सुरू होते. मग पळत जाऊन चढायचं. मी तिसऱ्या आवाजाला जोर लावला, गाडी पुढे गेली आणि मी होते तिथेच पालथी. शेणावर नाही पडले, एवढंच. छबूने काखेत हात घालून मला उचललं ते थेट गाडीत टाकलं.

"थंडीत धक्का मारला की अंग कसं गरम व्हतं," हौसाबाई मला समजावत होत्या. "तुमच्याकडं ह्याला जिमला जात्यात."

खिंडीत आम्ही उतरलो. बायका रस्त्याने चालतच नाहीत, करवंदीच्या जाळ्यांतून सरळ वर जाणारी पायवाट धरतात. माथ्यावर गाडी आधी की आपण, अशी शर्यत. गाडीत एकट्या सुनंदाताई, खिडकीतून डोकं बाहेर काढून शिव्या देत. बायका जिंकल्या. मी गाडीच्याही मागून आले. शहरात आम्ही मोर्चात मैलोन्‌मैल चालतो, पण ते सपाटीवर.

आठला दहा कमी असताना त्या गेटातून आत गेल्या. मी दिवसभर उरलेल्या गॅरेजांत पत्रकं वाटली. संध्याकाळी पुन्हा खिंड, पुन्हा शर्यत. रात्रीच्या जेवणाला सुनंदाताईंनी खेकड्यांचा रस्सा केला होता, सोबत तांदळाची भाकरी आणि नव्या भाताचा वाफाळता ढीग. खेकड्याची नांगी कशी फोडायची ते मला येईना. आमच्याकडे जेवताना बोललेलं चालतं, आवाज केलेला चालत नाही. तिथे नांगी फोडताना सगळं घर कडाकडा वाजत होतं आणि बोलायला कुणाला उसंत नव्हती. मी तीन भाकरी खाल्ल्या.

बुधवार : गेट

माझ्या चपलेचा अंगठा खिंडीच्या मध्यावर तुटला. हौसाबाईंनी थांबून पदराची कडेची चिंधी फाडली आणि तो बांधला. बाकीच्या आमच्यासाठी थांबल्या. त्यात वेळ गेला. गेटवर पोचलो तेव्हा आठ वाजून सहा मिनिटं झाली होती.

वॉचमनने घड्याळाकडे बोट केलं. छबू हात जोडत होती. ही छबू, जी कुणाला जोडत नाही. शेवटी त्याने सोडलं, पण म्हणाला, "मुकादमानं बगितलंय. उद्या सहा मिनिटं न्हाई, एक मिनिटबी न्हाई."

आत जाताना छबू वळली. "तुजी चप्पल तुटली तर तू नवी घेशील. माजं काम तुटलं तर?"

दिवसभर माझ्या हातून एकही पत्रक वाटलं गेलं नाही. टपरीवर बसून राहिले. पत्रकात मी 'आपण सर्वांनी किंमत मोजली पाहिजे' असं लिहिलं होतं. ते वाक्य पेनाने खोडलं. ज्या प्रती उरल्या होत्या त्या सगळ्यांवरचं खोडलं.

त्या संध्याकाळी मागच्या बाकावर छबूची पाळी होती. म्हणजे शब्द तिचा. गाडीत कुणी गाणं म्हणालं नाही. खिंड चढून उतरल्यावर ती म्हणाली, "हौसाआजीकडं थांबव. आधी च्या, मग सांगती."

हौसाबाईंचं घर वाडीच्या वरच्या अंगाला. शेळ्या नुकत्याच परतल्या होत्या. एका करडाने माझ्या पिशवीतलं पत्रक ओढून काढलं आणि चावायला घेतलं. शेळीच्या दुधाचा चहा दाट असतो, पहिल्या घोटाला उग्र लागतो, दुसऱ्याला आवडतो. छबूने पेला खाली ठेवला.

"पाइप लावून टाक, सुनंदाताई. धूर कुटं दिसतोय आपल्याला?"

"त्येच तर," हौसाबाई म्हणाल्या. "दिसला आसता तर बाजूला सरकलो आसतो. न दिसनाऱ्यापासनं कुटं सरकायचं?" मग जराशाने, जणू शेळीलाच सांगतायत अशा सुरात त्या म्हणाल्या, "सुनंदाच्या आदी आमी त्या जुन्या जीपमदी जायचो. तुला आठवत नसंल छबे, तू लगीन हून आली नव्हतीस. रोज पिरंगुटाला उतरलं की मी डोकं धरून बसायची. सगळ्याच बसायच्या. वाटायचं, वयच झालं. ह्या गाडीत बसाया लागल्यापासनं डोकं दुखलं न्हाई. आमी म्हनायचो, सुनंदाचा हात चांगला हाय."

"त्या जीपला हा डबा नव्हता व्हय?"

"डबा कुटला? तिला मागचं दारबी नव्हतं!"

आधी सुनंदाताई हसल्या, मग सगळ्याच. माझ्या पूर्ण पानभर मजकुरात एकही वाक्य या म्हातारीच्या डोक्याइतकं भक्कम नव्हतं. छबू बराच वेळ शेळीच्या कानाशी खेळत राहिली. व्हॅनच्या मागच्या दाराचं रबर झिजलंय आणि तिथून वाऱ्याबरोबर नळीतला वायूही आत येतो, हे मागे बसणारीला बरोबर माहीत असतं.

"जाळीच आनायची," ती म्हणाली. "पर उद्यापासनं अर्दा तास आदी निगायचं. आन् खिंडीत आमच्या सगळ्यांच्या भाकरीच्या पिशव्या हिनं उचलायच्या." बोट माझ्याकडे होतं.

करडाने तोवर माझा मथळा पूर्ण खाल्ला होता.

गुरुवार : दत्ताचं गॅरेज

सहाला निघालो. सात पिशव्या घेऊन मी खिंड चढले, माझ्या पायात हौसाबाईंच्या सुनेचे कॅनव्हासचे बूट होते. गेटवर वीस मिनिटं आधी. वॉचमनचा अजून चहाही झाला नव्हता, तो आम्हालाच पाजावा लागला.

नंतर सुनंदाताई आणि मी दत्ताकडे गेलो. जाळी पुण्याहून निघाली होती. परतताना सुनंदाताई गाडीत बसल्या आणि सवयीने म्हणाल्या, "दत्ता, जरा मागनं धक्का दे."

"का? चावी मारा की."

"चावीवर कुटं लागतीया. सहा म्हैनं झालं, बायका धक्का मारत्यात रोज."

दत्ता हातातला पाना घेऊन तसाच टायरवर बसला. "रोज?"

"रोज. सुट्टी सोडून."

"मग बायकांनीच मारली की वो जाळी!"

त्याने नीट समजावून सांगितलं. गाडी धक्क्यावर सुरू करताना काही पेट्रोल न जळताच नळीत जातं. ते गरम जाळीवर पडून तिथे पेटतं. एखाद्या वेळेला काही होत नाही, पण सहा महिने रोज तेच झालं तर आतली जाळी वितळून भोकं बुजतात. "नवीन लावा, आनि परत धक्का मारा, पुढच्या वर्षी परत माझ्याकडं. बॅटरी घ्या आधी."

सुनंदाताईंनी कपाळावर हात मारला. मला दत्ताचा जरा रागच आला, कारण मी शोधलेला गुन्हेगार तो होता आणि गुन्हा निघाला सहा बायकांच्या तळव्यांचा. त्यात मंगळवारपासून दोन तळवे माझेही.

संध्याकाळी खिंडीत ही बातमी सांगितली तेव्हा बायका चढावरच बसल्या. हसून हसून चालता येईना.

"म्हंजी आमीच हिला मारली आन् आमीच हिच्यापायी चालतोय!"

"आन् म्होरं हीच म्हातारी, हेऽऽय करायला!"

हौसाबाई लाजल्या, साठाव्या वर्षी. "मला काय ठावं, ती आतनं जळतीया म्हनून," त्या म्हणाल्या आणि बॉनेटवर हळूच हात फिरवला, मेंढरावर फिरवतात तसा.

शुक्रवार : अदलाबदल

कामावरून सुटून सगळ्या थेट गॅरेजात आल्या. नवीन डबा खोक्यात होता, जुना दत्ताने बाकाखाली सारला होता. छबूची नजर खोक्यावर न जाता बाकाखाली गेली.

"दत्तादादा, त्या जुन्याचं काय करनार?"

"काय करनार? भंगार."

"भंगारात मी दोन वर्सं काढली. ह्यो डबा आमच्या गोदामात पोत्यात टाकत नव्हते, मालक कपाटात ठेवायचा. आतल्या मातीला सोन्यावानी भाव हाय. म्हनून पाइप फुकट लावत व्हतास व्हय रं?"

दत्ता छताकडे पाहू लागला. बायकांनी त्याला गोल वेढलं. मी चार दिवस या माणसाला तत्त्वं सांगत होते, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. पत्रकात गुन्हा लिहिला होता, पण कुणाला काय मिळतं ते लिहायचंच राहिलं होतं.

"बरं बरं," तो शेवटी हसला. "जुना ठेवतो, त्याच्या बदल्यात बॅटरी घ्या. आता तरी च्या पिऊ द्या."

गाडीखाली सरपटताना त्याने माझ्याकडे हात केला. "तुमचं पत्रक हाय का आजून एकादं?"

मी आनंदाने दिलं. त्याने ते डोक्याखाली घेतलं.

खिंड आली तेव्हा कुणी श्वास घेत नव्हतं. भरलेली गाडी, सातपैकी एकही पिशवी बाहेर नाही. अर्ध्यावरची ती घरघरीची जागा आली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुरसुरत निघून गेली, आणि माथ्यावर पोचल्यावर सुनंदाताईंनी इतका लांब हॉर्न वाजवला की पाण्याकडेचे बगळे उठले. त्या गाडी चालवता चालवता रडत होत्या आणि वर आम्हालाच दटावत होत्या, "गप बसा गं, म्होरचं दिसंना मला!"

पुढे पुण्याला परतल्यावर मी पत्रक नव्याने लिहिलं. आता ते अर्ध्या पानाचं आहे. त्यात हौसाबाईंचं डोकं आहे, छबूचा प्रश्न आहे, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'धक्का मारू नका, बॅटरी बदला' असं आहे. फुफ्फुस एकदाही आलेलं नाही. दत्ताने ते गॅरेजात भिंतीला लावलंय, असं सुनंदाताई फोनवर म्हणाल्या.

शनिवार : निघताना

मला पिरंगुटपर्यंत त्यांच्याच गाडीने यायचं होतं. सकाळी अंगणात धुकं होतं. सुनंदाताई बसल्या, दार लावलं. आम्ही सगळ्या सवयीने मागे गेलो, ओळीने उभ्या राहिलो, तळवे टेकवले. हौसाबाईंनी आवाज दिला. एक. दोन.

तेवढ्यात सुनंदाताईंनी चावी फिरवली.

गाडी एका दमात सुरू झाली आणि आमच्या हाताखालून निघून गेली. तिसऱ्या आवाजाचा रेटा हवेतच गेला. हौसाबाई छबूवर, छबू माझ्यावर आणि मी पुन्हा एकदा त्याच जागी पालथी. पुढे वीस पावलांवर गाडी थांबली होती आणि धुक्यातून सुनंदाताईंचं डोकं बाहेर आलं.

"आगं, कुनाला ढकलताय?"